शांतता समितीने दंगल थांबते का?

ठाण्यात राहणाऱ्या आणि भिवंडीच्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न असा आहे: “पोलीस ठाण्याच्या शांतता समितीवर यंदा मला घेतलं. पहिल्या बैठकीत शाल-श्रीफळ झालं, ‘आपण सगळे एक आहोत’ अशी भाषणं झाली, चहा घेऊन सगळे घरी गेले. अशा समित्यांमुळे दंगल खरंच थांबते का? रवांडा, बाल्कन, उत्तर आयर्लंड इथे एवढे मोठे प्रयत्न झाले, त्यातलं काही आमच्या गल्लीत उपयोगी पडेल का? आणि मी नेमकं काय करू?”

थांबते. तुम्ही सांगितलीत तशा बैठकीने नाही थांबत, पण चालत्याबोलत्या समितीने थांबते, आणि त्याचा देशातला सर्वांत ठळक पुरावा तुम्ही शिकवता त्याच गावात आहे. मी वकिलीतून मध्यस्थीकडे वळले त्याला आता बराच काळ लोटला. भिवंडी, मुंब्रा, कल्याण या पट्ट्यात अशा समित्यांबरोबर बसते, कधी दोन गटांत बोलणी घडवून आणते. म्हणून भिवंडीपासूनच सुरुवात करते, बाहेरचं जग नंतर.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत भिवंडीत दंगल पेटली. तिचं लोण जळगाव आणि महाडपर्यंत गेलं. न्यायमूर्ती मादन आयोगाने त्याची चौकशी केली, जाडजूड अहवाल आला. तरी मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा जळाली, आणि या खेपेला आग ठाण्या-मुंबईतही पसरली. दोनदा होरपळलेलं हे गाव. त्यामुळे ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी पडली तेव्हा मुंबईच्या आधी भिवंडी पेटणार असंच सगळे धरून चालले होते. त्या डिसेंबर-जानेवारीत मुंबईत सुमारे ९०० माणसं मारली गेली. भिवंडी शांत राहिली.

मधल्या काळात काय झालं? १९८४ नंतर काही वर्षांनी पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे भिवंडीत आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसं, पुढाऱ्यांना लांब ठेवलेलं, आणि बैठकीला त्या भागातला पोलीस हजर. यातली खरी युक्ती बैठकीच्या विषयांत होती. या समित्या सणाच्या आठवड्यापुरत्या नव्हत्या. वर्षभर बसायच्या, आणि बोलायच्या ते गल्लीतल्या भांडणांबद्दल, चोऱ्यांबद्दल, दारूच्या गुत्त्याबद्दल, नळाला पाणी येत नाही याबद्दल. वर्दीतला माणूस धरपकडीसाठी नाही तर कामासाठी मोहल्ल्यात येतो, ही गोष्टच आधी लोकांना नवी होती. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबईहून बातम्या आणि अफवा येऊ लागल्या तेव्हा कुणाचं दार वाजवायचं हे दोन्ही बाजूंना माहीत होतं. संकटाच्या रात्री ओळख करून घ्यायची वेळ आली नाही.

यावर कुणी म्हणेल, भिवंडीचा धंदाच असा आहे की भांडण परवडत नाही. सूत व्यापाऱ्याकडून येतं, सायझिंगला, म्हणजे खळ लावायला, जातं, बीमवर गुंडाळून लूमवर, म्हणजे मागावर, चढतं, ग्रे म्हणजे कोऱ्या कापडाचे तागे दलालामार्फत बाजारात जातात. या साखळीत मोमीन-अन्सारी लूमवाले, मारवाडी-गुजराती व्यापारी, तेलुगू पद्मशाली, उत्तर प्रदेशातून आलेले कारीगर असे सगळे एकमेकांच्या उधारीत अडकलेले असतात. हे खरंच आहे. पण ही साखळी १९७० मध्येही होती आणि १९८४ मध्येही होती, आणि दोन्ही वेळा ती तुटली. धंद्याचं नातं आपसूक ढाल होत नाही. त्या नात्यातल्या दोन माणसांनी वाईट दिवशी एकमेकांना फोन करावा, यासाठी कुणीतरी आधीपासून राबावं लागतं.

भारतातल्या शहरांची तुलना करून राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनीही याच्या जवळचंच काही मांडलं. अलीगड आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत अशा जोड्या त्यांनी अभ्यासल्या. त्यांचा मुद्दा असा की शेजाऱ्यांनी दिवाळीचा फराळ आणि ईदचा शीरखुर्मा एकमेकांकडे पाठवणं चांगलंच, गावखेड्यात तेवढं पुरतंही. पण मोठ्या शहरात ताण वाढला की ते तग धरत नाही. व्यापारी संघटना, कामगार युनियन, व्यावसायिकांचे संघ, जिथे दोन्ही समाजांची माणसं एकाच टेबलाशी बसून एकच हिशेब पाहतात, तिथले धागे टिकतात. माझा अनुभव याला दुजोरा देतो. मी मेळावे आणि सद्भावना यात्रा पुष्कळ पाहिल्या. अडीअडचणीला कामाला आले ते सायझिंगवाल्यांच्या संघटनेचे पदाधिकारी, रिक्षा युनियनचे लोक, शाळेच्या पालक संघातल्या बाया.

आता बाहेरच्या जगाकडे. तुम्ही रवांडाचं नाव घेतलंत. तिथे १९९४ मध्ये साधारण शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बहुसंख्य तुत्सी या अल्पसंख्य समाजाची. लोक समजतात की जगाला काही कळलंच नव्हतं. कळलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या तुकडीचे प्रमुख जनरल दालेर यांनी ११ जानेवारी १९९४ लाच न्यूयॉर्कला तार पाठवली होती: शस्त्रं कुठे साठवली आहेत त्याची खबर मिळाली आहे, छापा घालतो. परवानगी मिळाली नाही. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने त्यांचं अडीच हजारांच्या आसपासचं बळ २७० वर आणायचा ठराव केला. रेडिओवरून तुत्सींना झुरळं म्हटलं जात होतं, कुणाला शोधायचं ते सांगितलं जात होतं, आणि ती वाहिनी चालूच राहिली. इशारा कमी पडला नाही. इशारा मिळाल्यावर कुणी काय करायचं हे ठरलेलं नव्हतं, आणि करायची इच्छाही नव्हती.

त्याच्याच थोडं आधी मॅसिडोनियात उलटं घडलं होतं. युगोस्लाव्हिया फुटत होता, बोस्नियात रक्त वाहत होतं, आणि मॅसिडोनियातही मॅसिडोनियन व अल्बेनियन यांच्यात ताण होता. १९९२ च्या अखेरीस तिथे एकही गोळी सुटण्याआधी संयुक्त राष्ट्रांनी सैनिक पाठवायचं ठरवलं. युद्ध सुरू होण्याआधीच अशी तुकडी नेमल्याचं ते पहिलंच उदाहरण. संख्या हजाराच्या आगेमागे. ती तुकडी होती तोवर युद्ध झालं नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये चीनने नकाराधिकार वापरला आणि ती गुंडाळावी लागली. २००१ मध्ये तिथे लढाई सुरू झाली, आणि ऑगस्टमध्ये ओहरिडचा करार होईपर्यंत चालली. त्या करारात शेवटी अल्बेनियन भाषेचा आणि नोकऱ्यांतल्या वाट्याचा प्रश्न घ्यावा लागला, जो वर्षानुवर्षं तसाच पडून होता.

मॅसिडोनियाची गोष्ट मी समित्यांच्या प्रशिक्षणात नेहमी सांगते, कारण आपल्याकडे दर काही वर्षांनी तेच होतं. चार-पाच वर्षं शांततेत गेली की समितीच्या बैठका कमी होतात. नवा अधिकारी विचारतो, इथे तर काहीच होत नाही, मग हे कशाला? काही होत नाही तेच या समितीचं काम, पण ते कागदावर दाखवता येत नाही. लावलेली आग विझवणाऱ्याचा सत्कार होतो. लागू न देणाऱ्याला कुणी विचारत नाही. तुमच्या पहिल्या बैठकीतली शाल आणि श्रीफळ या दुखण्याचं लक्षण आहे. समितीला सांगण्यासारखं काम उरलं नाही की समारंभ उरतो.

चालती समिती प्रत्यक्षात कशी दिसते, ते एका सकाळचं सांगते. गाव आणि नाका सांगत नाही. सणाच्या आदल्या रात्री मंडळाने लावलेला झेंड्याचा बांबू मोडला. सकाळी दूधवाले फिरत होते तेव्हाच मोडक्या बांबूचा फोटो मोबाइलवर फिरू लागला, खाली दोन ओळी: ‘रात्री त्यांच्या पोरांनी तोडला, आता गप्प बसायचं का?’ झालं होतं असं की ताग्यांनी भरलेला टेम्पो मागे घेताना बांबूला लागला आणि ड्रायव्हर भीतीने तसाच निघून गेला. पण सकाळी शेटकडे जाऊन त्याने कबूल केलं. शेट मुसलमान, आणि मंडळाचा सचिव त्याच्याचकडे सूत घालणारा. शेटने आधी पोलिसांना नाही, सचिवाला फोन लावला: “भाई, मेरेही टेम्पो से लगा है. मैं आता हूँ.” बीट हवालदारालाही दोघांनी बोलावून घेतलं. समोरच्या हार्डवेअरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात टेम्पो मागे येताना स्वच्छ दिसत होता. ते चित्र सचिवाने मंडळाच्या पोरांना नाक्यावरच दाखवलं.

यातले दोन तपशील महत्त्वाचे आहेत. खुलासा पोलिसांच्या पत्रकाने झाला नाही. ज्या ग्रुपवर फोटो आला होता त्याच ग्रुपवर सचिवाने स्वतःच्या आवाजात निरोप टाकला: मी पाहिलं, टेम्पो होता, विषय संपला. पोलिसांनी सांगितलं असतं तर ‘वरून दबाव आला’ म्हणून मोकळे झाले असते. दुसरा तपशील नव्या बांबूचा. पैसे शेटने दिले, पण बांबू त्याने रोवला नाही. तो मंडळाच्या मुलांनीच रोवला. शेटने रोवायला घेतला असता तर त्यात कुणाचा तरी मान गेला असता. असे बारकावे कुठल्याही परिपत्रकात येत नाहीत. ते गावात राहणाऱ्या माणसालाच सुचतात.

म्हणून समितीवर कोण असावं हा प्रश्न मला सगळ्यांत कळीचा वाटतो. सध्या घेतात ती भली माणसं: निवृत्त मुख्याध्यापक, डॉक्टर, एखादे कवी. त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण दंगलीच्या रात्री नाक्यावर जमलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलांना घरी पाठवण्याची ताकद त्यांच्यात असते का? समितीला असा माणूस हवा, जो आपल्याच बाजूच्या पोरांना दरडावू शकतो आणि ज्याचं ते ऐकतात. अशा माणसाची पाटी नेहमी कोरी नसते. काही वेळा तोच मागच्या वेळी पुढे होता. हे अवघड आहे, आणि कुणाला घ्यायचं याचा निवाडा दर वेळी नव्याने करावा लागतो. गुन्ह्यात अडकलेल्याला मी घेत नाही. पण फक्त सज्जनांची समिती सज्जनांनाच शांत ठेवते.

देशातलं मोठं उदाहरण मिझोरामचं. १९६६ पासून वीस वर्षं तिथे मिझो नॅशनल फ्रंटचा सशस्त्र उठाव चालला. ३० जून १९८६ ला करार झाला आणि तो आजवर टिकला. करार झाला तो बंडाच्या म्होरक्याशी, लालडेंगांशी, कारण शस्त्रं खाली ठेवायला लावणं त्यांच्याच हातात होतं. आणि मला त्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते वेगळंच. काँग्रेसचे लालथनहावला तेव्हा मुख्यमंत्री होते. त्यांनी खुर्ची सोडली, लालडेंगांना मुख्यमंत्री होऊ दिलं आणि स्वतः त्यांच्या हाताखाली उपमुख्यमंत्री झाले. ते अडून बसले असते तर तो करार कागदावर राहिला असता.

पुढचा भाग मागण्यांचा. मिरवणुकीच्या मार्गाचं भांडण तुमच्या समितीपुढे येईल, ते यायचंच. माझ्यापुढे आलेल्या एका भांडणात मंडळाचं म्हणणं होतं: पूर्वापार रस्ता आहे, एक पाऊल इकडचं तिकडे होणार नाही. मशिदीचे विश्वस्त म्हणत: समोरून वाजत नेऊ देणार नाही. एकत्र बसवलं असतं तर पहिल्या पाच मिनिटांत उठून गेले असते. मी दोघांशी वेगवेगळी बसले आणि दोघांना एकच विचारलं, गेल्या वर्षी नेमकं काय झालं ते क्रमाने सांगा. कोण कुठे उभं होतं, किती वाजले होते.

मंडळाच्या बोलण्यातून हळूहळू निघालं की त्यांना भीती परवान्याची होती. एकदा का रस्ता बदलला की पुढच्या वर्षी पोलिसांच्या दप्तरात नवाच रस्ता ‘परंपरागत’ होणार आणि जुना कायमचा गेला. विश्वस्तांचं दुखणं रस्त्याशी नव्हतंच. मिरवणूक मशिदीसमोर येऊन मुद्दाम थांबते, अर्धा तास नाचते, नेमकी मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाची, वेळ गाठते, आणि पुढे काही झालं की पोलीस आमची पोरं उचलतात, ही त्यांची तक्रार. म्हणजे एकाला रस्ता जाण्याची भीती, दुसऱ्याला मिरवणूक थांबण्याचा जाच. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येत नव्हत्या. ठरलं ते असं: रस्ता तोच, आणि तसं लेखी. मशिदीच्या एका टोकाच्या दिव्याच्या खांबापासून दुसऱ्या टोकाच्या खांबापर्यंत मिरवणूक चालती राहील, थांबणार नाही. मगरिबच्या आधी ती तिथून पार होईल, उशीर झाला तर नमाज संपेपर्यंत चौकाअलीकडे थांबेल. पुढे दोन्हीकडचे स्वयंसेवक. ‘सामंजस्याने वागावे’ असलं वाक्य आम्ही त्यात घातलं नाही. खांब घातले, कारण खांब दोघांनाही दिसतात.

देशादेशांतही हेच करता येतं याचा दाखला म्हणजे बाल्टिक समुद्रातली ऑलंड बेटं. तिथले लोक स्वीडिश बोलणारे, आणि पहिल्या महायुद्धानंतर त्यांना फिनलंड सोडून स्वीडनमध्ये जायचं होतं. १९२१ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स) निकाल दिला: बेटं फिनलंडची. पण शाळेची भाषा स्वीडिशच राहील, जमिनी बाहेरच्यांच्या हाती जाणार नाहीत याची तजवीज होईल, स्वतःचा कारभार असेल, आणि बेटांवर सैन्य नसेल. स्वीडनला बेटं मिळाली नाहीत, बेटवासीयांना स्वीडन मिळालं नाही. तरी ती व्यवस्था शंभर वर्षांहून जास्त टिकली, कारण आपली भाषा बुडेल आणि आपल्या दारात तोफा येतील, या दोन खऱ्या भीतींवर तिथे नेमका उतारा दिला गेला होता.

आपल्याकडेही अशी शहाणी तडजोड होते, तिची बातमी मात्र दोन दिवसांत विरते. २८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली. मुस्लीम समाजाच्या प्रतिनिधींनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं, सरकारने २९ तारखेची सुट्टी जाहीर केली. एक दिवस पुढे-मागे, एवढंच. पण एवढ्यासाठी आधी किती घरी जाऊन किती जणांशी बोलावं लागतं, ते हे काम करणाऱ्यांना विचारा.

आता समितीच्या मर्यादेबद्दल स्पष्ट बोलते, कारण तिच्याकडून भलती अपेक्षा ठेवली की ती मोडते. जिथे खरा अन्याय आहे तिथे शांततेचं आवाहन चालत नाही, चालूही नये. नवी मुंबई वसली ती आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या जमिनींवर. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं आणि १६ व १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर त्या गावांत सलोख्याचे मेळावे भरवून काही साधलं असतं का? तो वणवा निवला तो साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं तत्त्व मान्य झाल्यावर, आणि त्याची अंमलबजावणी रखडली तिथे धग अजून आहे. श्रीलंकेत १९५६ मध्ये एकट्या सिंहलीला राजभाषा करणारा कायदा झाला, तमिळांशी केलेले समझोते एकामागून एक मोडले गेले, आणि १९८३ नंतर पंचवीस-सव्वीस वर्षांचं युद्ध झालं. समितीने अशा वेळी तक्रार दाबायची नसते, ती निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर नेऊन पोचवायची असते.

दुसरी मर्यादा भिवंडीतच दिसली. जुलै २००६ मध्ये कोटरगेट भागात पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला. जागा कब्रस्तानाची असल्याचं रहिवाशांचं म्हणणं होतं. पोलिसांच्या गोळीबारात दोघांचा जीव गेला आणि जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारलं. हा तंटा हिंदू-मुसलमानांचा नव्हता, रहिवासी आणि पोलीस यांच्यातला होता. समितीची सगळी घडी पोलीस मध्यस्थ आहेत या गृहीतावर बसवलेली, आणि इथे पोलीसच एक पक्ष. मग मध्ये कोण उभं राहणार? १९९३ नंतर मुंबईत माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली, ती नागरिकांची होती आणि पोलीस तिला येऊन मिळाले. ती रचना मला अधिक भक्कम वाटते. तुमच्या समितीत पोलिसांना थेट ‘साहेब, हे चुकतंय’ म्हणू शकणारी निदान दोन-तीन माणसं हवीत, ज्यांचा परवाना, ठेका, दुकान पोलिसांवर अवलंबून नाही. शिक्षिका म्हणून तुम्ही त्यातल्या एक होऊ शकता.

तिसरी गोष्ट वस्त्यांची. १९९३ नंतर मुंबईतली कितीतरी मुस्लीम कुटुंबं मुंब्र्यात येऊन राहिली. भीतीपोटी आली हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही विचारलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टला, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमध्ये उंच भिंती आहेत. १० एप्रिल १९९८ ला गुड फ्रायडे करार झाला, बंदुका थंडावल्या, पण भिंती उभ्याच राहिल्या. २०२३ पर्यंत सगळ्या पाडायचं तिथल्या सरकारने ठरवलं होतं, तेही झालं नाही, कारण भिंतीलगत राहणाऱ्यांनाच त्या हव्याशा वाटतात. करार वरचे लोक करतात. वेगळं राहायची सवय खाली लागते आणि ती करारापेक्षा चिवट असते. आपल्या नव्या सोसायट्यांत आडनाव पाहून घर नाकारतात तेव्हा आपण तीच भिंत चढवत असतो. तुमच्या शाळेत दोन्हीकडची मुलं एका बाकावर बसतात का? बसत असतील तर ते जपा, कारण ठाणे जिल्ह्यात अशा जागा कमी होत चालल्या आहेत.

बोलण्याची वाट वाईट काळातही उघडी ठेवायची असते, हे शत्रू देशही पाळतात. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही असा करार भारत-पाकिस्तानने ३१ डिसेंबर १९८८ ला केला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, मुंबईवर २६/११ चा हल्ला झाला. यादी चुकली नाही. मे २०२५ च्या लढाईतही दोन्हीकडच्या लष्करी कारवाई महासंचालकांमधली जुनी हॉटलाइन होती म्हणूनच १० तारखेच्या दुपारी बोलणं होऊन संध्याकाळी पाचपासून मारा थांबवायचं ठरू शकलं. त्यांच्यात प्रेम नाही, विश्वासही नाही. नंबर मात्र ठरलेला आहे आणि उचलणारा माणूसही.

तुम्ही विचारलंत काय करू. केनियातल्या वजीर या दुष्काळी जिल्ह्यात १९९२-९३ मध्ये सोमाली कुळांमध्ये रक्तपात चालू होता. तिथे सुरुवात केली ती काही बायकांनी, देखा इब्राहिम अब्दी त्यांपैकी एक. त्यांनी आधी शांततेबद्दल भाषण केलं नाही. कुठल्याही कुळाच्या बाईला बाजारात माल विकता-घेता आलाच पाहिजे एवढंच धरलं आणि त्यावर लक्ष ठेवायला बायकांचीच समिती केली. मग त्या वडीलधाऱ्यांकडे गेल्या, मग तरुणांकडे, मग सरकारी अधिकाऱ्यांकडे. काही काळाने त्यातून जिल्ह्याची शांतता समिती झाली, आणि कुठे ठिणगी पडल्याचं कळलं की तिची माणसं लगेच तिकडे निघत. तुमच्याकडे तसा बाजार म्हणजे शाळेचा पालक संघ. दोन्ही समाजांच्या आया तिथे आधीच येतात, आणि मुलाच्या काळजीपोटी येतात, कुणी बोलावलं म्हणून नाही.

या वर्षी एवढं करा. तुमच्या भागातल्या प्रत्येक गल्लीतला असा माणूस शोधा ज्याचं तिथली तरुण मुलं ऐकतात, आणि त्याच्या घरी जाऊन एकदा बसून या. काम काढून जाऊ नका, नुसतं बसा. बीट हवालदाराची बदली झाली की नव्या माणसाला स्वतः सगळीकडे फिरवून ओळखी करून द्या, कारण बदलीत समितीची अर्धी पुंजी जाते. प्रत्येक बैठकीत काय ठरलं, कुणी करायचं, कधीपर्यंत, हे वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीत आधी तेच वाचा. अफवेचा फोन आला तर पुढे न पाठवता आधी कुणाला विचारायचं ती नावं ठरवून ठेवा, दोन्ही बाजूंची, आणि एक फोन लागला नाही तर दुसरा कुणाचा, हेही. गावात तणाव वाढला आणि जमावबंदी लागली, म्हणजे पूर्वीचं कलम १४४ आणि आता नागरिक सुरक्षा संहितेतलं १६३, तर समितीच्या सदस्यांना बाहेर पडता येईल का, हे अधिकाऱ्यांशी आत्ताच बोलून घ्या. त्या दिवशी विचारायला गेलात तर उशीर झालेला असतो.

कायद्याचंही थोडं माहीत असू द्या. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं स्वतंत्र प्रकरण आहे. परिसरातल्या रहिवाशांची शांतता बिघडेल अशा वादात, दोन्ही पक्षांची आधी संमती असेल तर, तीन मध्यस्थांचं मंडळ बसवून तोडगा काढण्याची तरतूद त्यात आहे. मात्र असा तोडगा न्यायालयाच्या हुकुमनाम्यासारखा अंमलात आणता येत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलं आहे. त्यामुळे कागदावर सही कोण करतो याला फार किंमत आहे. अध्यक्षाची सही घ्याच, पण मिरवणुकीत ढोलपथकाचं जो खरोखर पाहतो त्याचीही घ्या, आणि कराराची प्रत दोन्हीकडे मराठीत व उर्दूत द्या.

पुढच्या बैठकीची विषयपत्रिका अजून निघाली नसेल तर पोलीस निरीक्षकांना आजच विनंती करा की पहिला विषय सणाचा नको. दोन्ही गल्ल्यांना नडणारा एखादा साधा विषय घ्या, गटार, रस्त्यावरचे बंद दिवे, शाळेसमोर लागणारे टेम्पो, काहीही. तो सुटेपर्यंत पाठपुरावा करायला दोन माणसं नेमा, एक इकडचा, एक तिकडचा. सणाचा विषय त्यानंतरच्या बैठकीत घ्या.